प्रेताने श्वास घेऊ नये

प्रेताचं काम सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा करून बघावं. मी केलं आहे. डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्याच हॉलमध्ये, ऐन मे महिन्यात आणि पंखा बंद ठेवून. पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येतो. माझ्या आवाजाचा प्रश्नच नव्हता. मी पहिल्याच पानावर मेलो होतो.

ताईचा मुलगा सोमवार ते शुक्रवार ऐरोलीला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि शनिवार-रविवार दिग्दर्शक असतो. काही मोडलं असेल तर तो पेढे घेऊन येतो आणि काही मागायचं असेल तर रिकाम्या हाताने. त्या गुरुवारी रात्री तो रिकाम्या हाताने आला आणि सोफ्यावर न बसता हॉलच्या चारही कोपऱ्यांत उभा राहून खोलीकडे बघू लागला. आमची ही म्हणाली, "घर विकायला काढलंय का आपण?"

"मामा, फिल्म करतोय. क्राइम कॉमेडी. खून आहे, पण हसायला येतं."

"कोणाला?" आतून आईने विचारलं. आई चौऱ्याऐंशीची आहे. तिला कमी ऐकू येतं असं आम्ही समजतो, आणि ती आम्हाला तसं समजू देते.

शॉर्ट फिल्मची कुठलीशी स्पर्धा होती. प्रवेशिका सोमवारी रात्री बारापर्यंत. म्हणजे शनिवार-रविवारी शूटिंग, रविवारी रात्रीपासून सोमवारी संध्याकाळपर्यंत एडिटिंग, आणि ऑफिसला पोट बिघडल्याचा निरोप. बजेट चाळीस हजार रुपये. त्यातले बावीस हजार कॅमेरा, लेन्स आणि लाइट यांच्या भाड्याला. उरलेल्या अठरा हजारांत एक खून, त्याचा तपास आणि चौदा माणसांचं दोन दिवसांचं खाणंपिणं.

"नाव काय सिनेमाचं?"

"नाव नाही ठेवलं. नाव ठेवलं की कोणीतरी म्हणतं, पोस्टर करू. पोस्टरला पैसे लागतात."

मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. इतका प्रामाणिक अर्जदार माझ्या टेबलासमोर कधी आला नव्हता. तिथेच मी फसलो.

आता या मुलांचा युक्तिवाद कसा चालतो ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरी असं कोणी आलं तर सावध व्हाल. वकील जसे जुने निकाल काढून दाखवतात, तशी ही पोरं जुने सिनेमे काढतात. त्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल म्हणजे 'जाने भी दो यारो'. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या कुंदन शाह यांचा हा पहिला सिनेमा, १९८३ सालचा. पैसा एनएफडीसीचा, आणि तोही सगळा मिळून सात लाखांच्या आसपास. दोन कडके फोटोग्राफर, दोन बिल्डर, एक लाचखाऊ कमिशनर, त्याचा खून, आणि मग त्याच्या प्रेताची मुंबईभर निघालेली वरात, अशी गोष्ट.

"सात लाखांत, मामा! नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शाह, नीना गुप्ता आणि आपली भक्ती बर्वे!"

"फुलराणीवाली?" आई आतून.

"हो, आजी."

"मग तिला नक्कीच कमी दिले असणार."

"सगळ्यांनाच कमी दिले. नसीरला म्हणे पंधरा हजार मिळाले, आणि तो आकडा सगळ्यांत मोठा होता."

"आणि मला किती?" मी विचारलं.

"मामा, तू घरचाच."

पटकथा अजून लिहायची होती. शुक्रवारी पहाटे मी उठलो तेव्हा भाचा हातात वही घेऊन आमच्याच घरात यादी करत हिंडत होता. फ्रिज, देव्हारा, आईची व्हीलचेअर, शेजारचा पोपट, गच्चीची किल्ली, माझी स्कूटर. मी म्हटलं, जप्ती आली का काय. तो म्हणाला, आधी फुकट काय मिळतंय ते बघायचं आणि मग त्यातून गोष्ट काढायची. यालाही निकाल होताच. टेक्सासच्या रॉबर्ट रॉड्रिग्जने मेक्सिकोतल्या एका गावात 'एल मारियाची' केला तो याच रीतीने. हाताशी एक बस होती, एक कुत्रा होता, एक कासव होतं. तिघांनाही काम दिलं. खर्च सात हजार डॉलर. त्यातले काही त्याने औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचा देह भाड्याने देऊन उभे केले. १९९२ साली तो सिनेमा बाहेर आला आणि तेव्हापासून जगभरच्या भाच्यांनी जगभरच्या मामांचं जगणं मुश्कील केलं आहे.

"आणि ट्रॉली परवडत नव्हती म्हणून त्याने व्हीलचेअर वापरली," असं म्हणून त्याने आईच्या खुर्चीकडे पाहिलं.

"मी बसलेली असताना न्या. नाहीतर नाही," आई म्हणाली.

यात तडजोड झाली ती अशी की आईच्या मांडीवर उशी, उशीवर कॅमेरा, कॅमेऱ्याला धरून वाकलेला कॅमेरामन आणि मागून ढकलणारा भाचा. सिनेमातले सगळे चालते शॉट या पद्धतीने घेतले गेले. मध्येच कॅमेरा डावीकडे वळतो आणि क्षणभर देव्हारा दिसतो. समीक्षकांनी त्यात काही अर्थ शोधू नये. तिथे आईने निरांजन विझलं का ते पाहिलं आहे.

दोन दिवसांत सिनेमा होईल का, अशी शंका मी काढून पाहिली. त्यावर हॉलिवूडचे रॉजर कॉर्मन हजर झाले. त्यांनी 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हा माणसं खाणाऱ्या झाडाचा विनोदी सिनेमा, दुसऱ्या सिनेमाचा सेट मोडायच्या आत, मुख्यतः दोन दिवसांत आणि वर एका रात्रीत उरकला होता. १९६० सालचा तो. डेंटिस्टच्या खुर्चीत दात उपटून घ्यायला आनंदाने बसणारा पेशंट झाला होता तेव्हाचा अनोळखी जॅक निकल्सन. म्हणजे माझी पुढची वाटचालही ठरलेलीच होती. आज डोंबिवलीत प्रेत, उद्या ऑस्कर.

शनिवारी सकाळी सातला नारळ फुटला. त्या नारळाची चटणी करून ती इडलीबरोबर वाढण्यात आली. बजेट सांभाळणं म्हणजे काय ते मला तिथे समजलं. चौदा माणसांत एकही माणूस एकच काम करणारा नव्हता. क्लॅप देणारी मुलगी मेकअपही करत होती, आणि मेकअप झाल्यावर तीच माझी विधवा होती. लाइट धरणारा मुलगा पोपटाला मिरच्या घालत होता. खुनी ज्याने व्हायचं तो जेवणाची ऑर्डर देत होता, त्यामुळे खुनाच्या ऐन प्रसंगी त्याचा फोन वाजायचा आणि तो सुरी खाली करून म्हणायचा, "चौदा थाळ्या, दोन जैन."

कुरकुर कोणी केलीच तर भाचा विधू विनोद चोप्रांचं नाव घेई. 'जाने भी दो यारो'च्या प्रॉडक्शनची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि एका नटाचे पैसे वाचावेत म्हणून महाभारताच्या त्या प्रसिद्ध प्रसंगात ते स्वतःच दुःशासन होऊन उभे राहिले. बरं, त्या सिनेमातल्या दोन नायकांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा. म्हणजे पात्रांना नावंसुद्धा युनिटमधल्याच माणसांची दिली! हे कळल्यावर आमच्या खुन्याचं नाव काय ठेवायचं हा प्रश्नच उरला नाही. ते माझंच ठेवलं. मी मेलेलो असल्यामुळे मला ते नाव लागणार नव्हतं.

पोलिसांचं मात्र अडलं. ड्रेसवाल्याकडे इन्स्पेक्टरचा ड्रेस महाग आणि हवालदाराचा स्वस्त. म्हणून कथेत इन्स्पेक्टरची जागा रिकामी आहे असं दाखवून तपास हवालदाराकडे दिला. दुपारी कळलं की त्या ड्रेसचंही डिपॉझिट भरावं लागतं. मग हवालदारही गेला आणि सोसायटीच्या वॉचमनचा गणवेश आला. खुनाचा तपास वॉचमन करतो, ही कल्पना पुढे एका परीक्षकाला फार धाडसी वाटली. त्या दोन दिवसांत आमचा खरा वॉचमन गेटवर बनियनवर बसला होता, आणि येणारा-जाणारा त्यालाच विचारत होता, "काय, चोरी झाली का?"

आता माझ्या भूमिकेकडे येतो. रक्त म्हणून माझ्या शर्टावर काकवीत खायचा लाल रंग कालवून ओतला होता. दिसायला उत्तम. पहिला टेक होईपर्यंत मुंग्यांना बातमी लागली. तुम्ही कधी पोटावर मुंग्या चालत असताना, पंखा बंद असताना आणि विधवा कानाशी रडत असताना निश्चल पडून राहिला आहात का? सतीश शाह या माणसाबद्दल माझ्या मनात त्या दिवशी जो आदर निर्माण झाला तो अजून ओसरलेला नाही. इतर सिनेमांत प्रेत एका शॉटपुरतं येतं आणि त्यावर चादर पडते. 'जाने भी दो यारो'त ते निम्मा सिनेमा काम करतं. शवपेटीत बसून रस्त्यावर येतं, दारूच्या नशेतला ओम पुरी त्याला बंद पडलेली गाडी समजून स्वतःच्या गाडीमागे बांधून ओढतो, ते चाकांचे स्केट घालून पळतं, आणि शेवटी साडी नेसून भर रंगमंचावर द्रौपदी होतं. आणि एवढं होऊनही चेहरा मेलेला तो मेलेलाच. पुढच्याच वर्षी दूरदर्शनच्या 'ये जो है जिंदगी' मालिकेत हाच नट दर भागाला नवा माणूस होऊन येऊ लागला. बरोबरच आहे. इतका वेळ मेलेला राहिल्यावर कोणालाही खूप जगावंसं वाटेल.

"मामा, श्वास दिसतोय," भाचा ओरडला.

"कमी घेतोय रे."

"कमी नको. घेऊच नको."

असे अकरा रिटेक झाले. मध्येच आई म्हणाली, "लहानपणी अभ्यासाला बसवलं की असाच मेल्यासारखा पडायचा. तेव्हा जमायचं."

पण आमच्या सिनेमाचा खरा खलनायक मी नव्हतो, कुकर होता. रविवारी सकाळी अकरानंतर आमच्या सोसायटीत भात लागतात, डाळी लागतात, चिकनं लागतात. विधवा हुंदका आवरून "शेवटचं एकदा बोला ना" म्हणायची आणि शेजारून उत्तर यायचं, शिट्टीने. साऊंडचा मुलगा कानाला हेडफोन लावून हताश बसला होता. शेवटी तो उठला. स्टीलचा एक डबा घेऊन आमच्या बाजूच्या आठही स्वयंपाकघरांत गेला, शेवटी 'विशेष आभार' म्हणून तुमचं नाव येईल असं प्रत्येक काकूंना सांगितलं, आणि आठही कुकरच्या शिट्ट्या काढून डब्यात घेऊन आला. "दोन तासांत देतो," म्हणाला. त्यानंतर त्याने अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली. तिला त्यांच्या भाषेत रूम टोन म्हणतात. आमच्या इमारतीत रविवारी दुपारी पसरलेली ती पहिली शांतता. ती त्याच्या हार्ड डिस्कवर आहे, कोणाला हवी असल्यास.

रविवारी संध्याकाळी प्रेत जिन्यावरून खाली न्यायचा प्रसंग होता. लिफ्ट चालेना, कारण लाइटसाठी घेतलेली वायर सोसायटीच्या कॉमन मीटरला जोडल्यावर सगळंच एकदम बंद पडलं होतं. चार मुलांनी मला चादरीत घालून उचललं. पहिल्या मजल्यावर समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ भेटले. त्यांना शूटिंगचं माहीत नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि विधवेला विचारलं, "कधी झालं?" ती बिचारी भूमिकेत होती. "सकाळी," म्हणाली. कॅमेरा चालू होता आणि तो शॉट वाया घालवणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी डोळे मिटून पडून राहिलो. सोमवारी सकाळी दूधवाल्याने न विचारता अर्धा लिटर दूध कमी टाकलं.

त्या रात्री पाठीला बाम चोळून घेताना मी हिशेब केला. सिनेमात गुन्हा एक होता, आणि तोही खोटा. तो दाखवण्यासाठी झालेले गुन्हे खरे होते. सोसायटीची वीज घेतली, वॉचमनचा गणवेश उतरवला, स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर परवानगी न काढता मोबाइलवर दोन शॉट उरकले, एका भल्या गृहस्थाकडून न मेलेल्या माणसासाठी शोक करवून घेतला, आणि पोपटाला न विचारता साक्षीदार केलं. पैसा असलेल्या सिनेमात चोर पडद्यावर असतात आणि पडद्यामागे करारपत्रं असतात. बिनपैशाच्या सिनेमात पडद्यावरचे चोर त्यातल्या त्यात सभ्य असतात.

यालाही जुना निकाल आहेच, पण तो भाच्याने मला आपणहून सांगितला नव्हता. त्याला दृश्यात ठेवायला माझ्या वडिलांचा जुना कॅमेरा हवा होता. तो म्हणाला, 'जाने भी दो यारो'त नसीरुद्दीन शाह यांच्या हातात दिसतो तो कॅमेरा त्यांचा स्वतःचा होता, त्यांनी आपणहून दिला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय... शूटिंग चालू असताना तो चोरीला गेला."

भ्रष्ट शहर, चोर बिल्डर आणि विकलेली माणसं यांच्यावर सिनेमा चालला होता, आणि सेटवरून नायकाचा कॅमेरा कोणीतरी उचलून नेला! पटकथेत हे लिहिलं असतं तर कोणी म्हणालं असतं, जरा जास्त होतंय. मी वडिलांचा कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली.

सोमवारी रात्री अकरा पंचावन्नला सिनेमा पोचला. नऊ मिनिटांचा झाला. फ्लॅशबॅकमध्ये जिवंतपणी माझं एक वाक्य होतं, "चहात साखर कमी आहे." ते कापलं गेलं. मी तोंड पाडून बसलो, तेव्हा भाच्याने सांत्वन केलं की 'जाने भी दो यारो'त अनुपम खेर यांनी डिस्को किलर नावाच्या भाडोत्री खुन्याचं काम केलं होतं आणि ते पूर्णच्या पूर्ण कापलं गेलं. पडद्यावर ते दिसतच नाहीत. म्हणजे त्यांच्या मानाने मी नशीबवान. निदान मेलेला तरी दिसतो.

स्पर्धेत काही मिळालं नाही. पण पुढच्या शनिवारी गच्चीवर चादर बांधून सगळ्या इमारतीला सिनेमा दाखवला. वॉचमन स्वतःचा गणवेश पडद्यावर पाहून उभाच राहिला. पोपटाला टाळ्या मिळाल्या. आणि मधल्या एका शॉटमध्ये, विधवा ऊर बडवून रडत असताना, माझं काकवीने माखलेलं पोट ठळकपणे वर गेलं आणि खाली आलं. गच्ची हसून लोळली. भाचा काहीच बोलला नाही. बारावा रिटेक घ्यायला वेळ नव्हता म्हणून राहिलेला तो शॉट आता त्याच्या तोंडी "मुद्दाम ठेवलेला" आहे, आणि अख्ख्या सिनेमात हसू आलं ते तेवढ्याच ठिकाणी. माझं प्रामाणिक मत विचाराल तर विनोद त्याने लिहिलेला नव्हता. तो घाईने लिहिला, टंचाईने दिग्दर्शित केला आणि मला न विचारता माझ्या फुप्फुसांनी सादर केला.

'जाने भी दो यारो' लागला तेव्हा त्यालाही मोठी गर्दी झाली नव्हती. कुंदन शाह यांना पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि सामान्य प्रेक्षक पुढे टीव्हीमुळे भेटले. सात लाखांतल्या त्या प्रेताला लोक चाळीस वर्षांनंतरही हसतात. आमच्या सिनेमाला अजून वेळ आहे.

तोपर्यंत एक विनंती. शिट्ट्यांचा तो डबा रविवारी रात्री पॅकअपच्या गडबडीत परत वाटला गेला, तेव्हा आठ घरांतून नेलेल्या शिट्ट्या सातच घरी पोचल्या. साऊंडचा मुलगा दोन तास म्हणाला होता. त्याला आता आठ महिने झाले. आमचा कुकर तेव्हापासून मुका आहे आणि ही माझ्याशी त्याच आवाजात बोलते. ज्यांच्याकडे एक शिट्टी जास्त आली असेल त्यांनी ती दुसऱ्या मजल्यावर आणून द्यावी. तपास वॉचमनकडे आहे.